मळखाऊ रंगांचे कुळ

मराठी घरांत ‘मळखाऊ’ हा शब्द अजून टिकून आहे. मुलाला पँट घ्यायची असो की सोफ्याला अभ्रे शिवायचे असोत, कुणीतरी म्हणतेच, “जरा मळखाऊ रंग बघा.” यात सौंदर्याचा दावा नसतो, हिशोब असतो. हे कापड मळ पोटात घेईल आणि चारचौघांत आपली लाज राखेल.

तुकडे जोडून क्विल्ट शिवणाऱ्यांच्या जगात ज्या कामाला आज ‘जपानी पद्धतीचे’ म्हणतात, त्याचे रंग याच कुळातले आहेत. राखाडी, करडा, ओल्या मातीचा, वाळक्या शेवाळाचा, धुऊन धुऊन विटलेल्या निळीचा. या सगळ्या छटांना मिळून एक फ्रेंच नाव पडले आहे, ‘तोप’. फ्रेंचमध्ये तोप हा जमिनीखाली बिळे करून राहणारा, उंदरासारखा दिसणारा प्राणी. त्याच्या कातड्याचा रंग तो तोप. असा क्विल्ट पाहताना डोळ्यांना निववल्यासारखे वाटते, आणि मग झेन, साधेपणा, ‘वाबी-साबी’ हे शब्द आपसूक तोंडी येतात. जणू ही शांतता त्या देशाच्या स्वभावातच होती. तिचा इतिहास मात्र इतका शांत नाही. त्यात हुकूम आहेत, थंडी आहे, आणि कुणाच्या तरी लाजेवर कुणाची तरी अभिरुची उभी आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून होते. जपानी बौद्ध भिक्षूच्या वस्त्राला ‘केसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘काषाय’चा चीनमार्गे गेलेला वंशज. कषाय म्हणजे तुरट रस, काढा. साली-मुळांच्या काढ्यात बुडवून काढलेला, कोणत्याही शुद्ध रंगात न बसणारा रंग तो काषाय. भिक्षूने टाकून दिलेल्या चिंध्या गोळा कराव्यात, त्या जोडाव्यात आणि असल्या रंगात रंगवून पांघराव्यात, ही जुनी शिकवण. विनयपिटकातल्या कथेप्रमाणे या जोडणीचा आराखडा मगधातल्या बांधबंदिस्त शेतांवरून आनंदाने तयार केला. कापड कापून जोडायचे, म्हणजे त्याला बाजारात किंमत उरत नाही आणि चोराला मोह होत नाही.

इ.स. ७५६ मध्ये सम्राट शोमू वारला. त्याच्या राणीने, कोम्यो हिने, नारा येथील तोदाईजी मंदिराला त्याच्या शेकडो वस्तू अर्पण केल्या. त्या वस्तूंच्या यादीत सर्वांत आधी केसा येतात. त्यांतला एक शोसोइन या भांडारात आजही आहे, झाडाच्या सालीच्या रंगाचा म्हणून नोंदलेला. वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे एकमेकांवर ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवलेले. पाहणाऱ्याला वाटावे, उकिरड्यावरून वेचलेल्या चिंध्या. पण सम्राटाच्या चिंध्या रेशमाच्या आहेत. ज्याला काहीच कमी नव्हते, त्याच्यासाठी नसण्याचे रूप मुद्दाम विणून, रंगवून, शिवून घेतले गेले. त्यामागची श्रद्धा खरी असेल, पण पुढच्या बाराशे वर्षांत पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

दुसरा धागा एदो काळातला, म्हणजे १६०३ ते १८६८ मधला. तोकुगावा राजवटीच्या समाजरचनेत व्यापारी तळाशी होते, पैसा मात्र त्यांच्याकडे साठत गेला. तेव्हा कुणी काय ल्यावे याचे हुकूम निघू लागले. १६८३ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांवरचे भरतकाम आणि महागडे बांधणीकाम यांच्यावर बंदी आली. १८४१ ते १८४३ च्या तेम्पो सुधारणांत पुन्हा कडक फर्माने निघाली. शहरातले सधन लोक मग तपकिरी, राखाडी आणि निळ्या रंगांकडे वळले आणि त्या तिघांतच त्यांनी अख्खे जग उभे केले. त्या काळचा वाक्प्रचार आहे, ‘शिजुहाच्चा, ह्याकुनेझुमी’, म्हणजे अठ्ठेचाळीस चहा आणि शंभर उंदीर. आकडे मोजायचे नसतात. आपण ‘छप्पन भानगडी’ म्हणतो, तसलेच ते. चहा म्हणजे तपकिरी छटा, उंदीर म्हणजे राखाडी. एका तपकिरीला काबुकीतल्या दान्जुरो नटाचे नाव, एका हिरवट राखाडीला चहाविधीचा आचार्य रिक्यू याचे.

भाषांतर करणाऱ्याचे बोट इथे अडखळते, आणि त्यात गंमतही आहे. ज्या रंगाला जपानी माणूस चहाचा म्हणतो, त्याला आपण तपकिरी म्हणतो, म्हणजे तपकिरीचा, नाकात ओढायच्या. राखेचा रंग मात्र दोन्हीकडे होता. जपानीत ‘हाइइरो’, मराठीत राखाडी. पण एदो हे लाकडी घरांचे शहर. १६५७ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळून गेला होता. अशा शहरात राखेचे नाव अंगावर वागवणे अशुभ वाटे, म्हणून उंदराचे नाव रुळले, असे सांगतात.

बाहेरून उंदरी रंगाचा अंगरखा आणि आत चित्रांनी भरलेले रेशमी अस्तर, ही त्या काळच्या श्रीमंत व्यापाऱ्याची युक्ती. हुकूम पाळला गेला आणि मोडलाही गेला. या दबलेल्या रंगांत तेव्हा संयमाइतकीच मिजासही होती.

या काळाच्या कापडात आपल्याकडचाही एक धागा आहे. जपानीत पट्ट्यांच्या कापडाला ‘शिमा’ म्हणतात, आणि बेटालाही ‘शिमा’च. समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेले ते शिमा, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. त्यातल्या एका पट्टेदार कापडाचे नाव सांतोमे-जिमा, मद्रासजवळच्या सांतोमे या पोर्तुगीज वसाहतीवरून. दुसऱ्या एका रेशमी कापडाचे नाव चाउ-जिमा. हे चाउ म्हणजे आपले रेवदंड्याजवळचे चौल. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते कापड गेले आणि पुढे क्योतोचे विणकर तसेच कापड विणू लागले. आजच्या तोप क्विल्टमध्ये छापील कापडापेक्षा सूत आधी रंगवून विणलेल्या बारीक पट्ट्यांना आणि चौकड्यांना मान असतो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, दोन्ही जवळून वेगळे आणि लांबून एकच करडे. ज्याला आपण खास जपानी म्हणतो, त्या पट्ट्यांच्या नावात बंदरे लपलेली आहेत, आणि त्यांतले एक कोकणातले आहे.

तिसरा धागा उत्तरेचा, आणि तिथे अभिरुचीला जागाच नव्हती. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आजच्या आओमोरी भागात, थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकरी घरी विणलेल्या तागाच्या जातीच्या कापडावर हिवाळा काढत. त्सुगारू संस्थानात तर शेतकऱ्यांना सुती कापड वापरायला बंदी होती. बायकांनी निळीत रंगवलेल्या त्या विरळ कापडाची छिद्रे पांढऱ्या सुती दोऱ्याने भरून काढली. ऊब आली आणि नक्षीही उमटली. त्या कामाला कोगिन म्हणतात. पश्चिम किनाऱ्याने येणाऱ्या जहाजांतून जुन्या सुती कपड्यांचे तुकडे येत, तेही जपून वापरले जात. एकावर एक ठिगळ, त्यावर आणखी एक, आजीचे, आईचे, लेकीचे. बाळंतपणात अंगाखाली घ्यायचे कापडही असेच पिढ्यांच्या तुकड्यांचे असे. या सगळ्या ठिगळकामाचे नाव बोरो. जपानीत त्याचा अर्थ चिंध्या, लक्तरे. १८९१ मध्ये रेल्वे आओमोरीला पोचली, सूत स्वस्त झाले, आणि असले कपडे लोकांनी माळ्यावर टाकले. कुणाला ते दाखवायची इच्छा नव्हती.

लोककलेचा पुरस्कर्ता सोएत्सु यानागी याने १९३० च्या दशकात कोगिनची मनापासून तारीफ केली. कोगिनमध्ये नक्षी होती, ती संग्रहालयाच्या काचेत शोभली. बोरोला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. आओमोरीचे चुझाबुरो तानाका (१९३३–२०१३) आयुष्यभर गावोगाव फिरून हे कपडे गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातले ७८६ नग १९८३ मध्ये सरकारने महत्त्वाचा लोकवारसा म्हणून जाहीर केले. २००९ मध्ये टोकियोतल्या आसाकुसा भागात त्यांच्या बोरोचे प्रदर्शन मांडणारे संग्रहालय उघडले आणि २०१९ पर्यंत चालले. ज्या गोधड्या पाहुणा आला की दडवायच्या, त्या आता जगभरच्या दालनांत चढ्या भावाने विकल्या जातात. नवे कापड मुद्दाम फाडून त्याला तसे रूप देणारेही निघाले आहेत.

क्विल्ट हा शेवटचा धागा, आणि तो अमेरिकेतून आला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले गेले. त्याच दशकात जपानी गृहिणींमध्ये हे काम पसरू लागले. २००२ पासून टोकियो डोममध्ये मोठा क्विल्ट महोत्सव भरू लागला. सुरुवात अमेरिकन नमुन्यांची होती, पण काही शिवणाऱ्यांनी त्या भडक रंगांऐवजी घरच्या छटा निवडल्या. चिबा प्रांतातल्या योको साइतो यांचे नाव या तोप रंगांशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या क्विल्टमधली लहान घरे, पाखरे, टोपल्या करड्यातूनच उजळतात, कारण शेजारचा तुकडा त्यांच्याहून एक छटा गडद असतो. हे काम कुणी लादलेले नाही. थंडी नाही, फर्मान नाही, हाताशी हवे ते कापड आहे. त्यातला आनंद खोटा ठरवण्याचे कारण नाही.

तरीही हे तीन धागे एकाच ‘जपानी साधेपणा’त गुंडाळले की एक गोष्ट निसटते. सम्राटाने चिंध्या निवडल्या. व्यापाऱ्याने उंदरी रंगाला आपला डौल बनवले. आओमोरीच्या बाईला निवड नव्हती. तिचे कापड निळे-करडे झाले ते धुऊन, झिजून, आणि बदली कापड न मिळाल्याने. तिघांचा रंग एकच दिसतो, पण एकाच माणसाला त्याची लाज वाटत होती.

म्हणून ‘बोरो’ला मराठी शब्द शोधताना मी फार मायेचे शब्द टाळते. गोधडी, वाकळ, शेजारच्या कन्नडमध्ये कौदी, बंगालीत काँथा. हे सगळे शब्द उबदार आहेत, आजीच्या पेटीतले आहेत, आणि वाचकाला लगेच घरी नेतात. पण आओमोरीत हा शब्द उच्चारणाऱ्याला घरी न्यायचे नव्हते, दाराआड लपायचे होते. मी ‘लक्तरे’ लिहिते. शब्द कानाला खडबडतो, सुंदर क्विल्टच्या छायाचित्राखाली तर फारच. पण तानाकांनी जे माळ्यांवरून उतरवले ते याच नावाने वर ठेवलेले होते, आणि ज्या बायकांनी ते शिवले त्यांनी त्याला दुसरे नाव दिले नव्हते.