धोकटी, पेटी आणि भिंत : हत्यारे ठेवण्याच्या जागेचा इतिहास

१/१४
संग्रहालयात आपण जुना रंधा पाहतो, वस्तरा पाहतो, लोहाराची सांडशी पाहतो. काम नसताना ही हत्यारे कोठे ठेवलेली असत, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. आजचा धागा त्या जागेविषयी आहे. कारागिराने स्वतः केलेली पिशवी, पेटी किंवा भिंतीवरची फळी ही इतिहासाची साधने कशी ठरतात, ते पाहू. शेवट नागपूरच्या जरीपटक्यात होईल. सुरुवात एका मराठी शब्दापासून करू.

२/१४
धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारे ठेवण्याची पिशवी. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा हे सारे तिच्यात मावे. बलुतेदारीत न्हावी गिऱ्हाईकाची वाट पाहत दुकानात बसत नसे. तोच घरोघर जाई. व्यवसायाची सगळी मालमत्ता काखेत मावणे ही त्याची गरज होती. वस्तरा इतर लोखंडाला घासला की धार जाते, म्हणून धोकटीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असणे सोयीचे.

३/१४
सुताराचे थोडे वेगळे. त्याची कामाची जागा गावात असे. पण नांगर, मोट, गाडीचे चाक किंवा घराचे आढे यांसाठी त्याला शेतावर नि बांधकामावर जावे लागे. वाकस, करवत, पटाशी, किंकरे, गुण्या एवढे तरी बरोबर हवेच. घिसाडी तर कुटुंबासह गावोगाव फिरणारे लोहार. भाता, ऐरण, हातोडे हे सारेच त्यांच्याबरोबर प्रवास करी. त्यांची कार्यशाळा आणि तिचे कोठार एकाच बिऱ्हाडात असे.

४/१४
यातून एक साधे सूत्र हाती येते. पिशवी आणि पेटी ही चालणाऱ्या कारागिराची. खुंटी आणि फळी ही थांबलेल्या कारागिराची. भिंतीत खुंटी ठोकण्यासाठी आधी भिंत आपली असावी लागते, निदान उद्या आपण येथेच असू एवढी खात्री असावी लागते. हत्यारे ठेवण्याची पद्धत पाहिली की त्या माणसाच्या स्थैर्याचा अंदाज येतो.

५/१४
हे सूत्र जगभर दिसते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली मेस्टरम्यूर येथील जुन्या दलदलीत नांगराला एक ओकची पेटी लागली. लांबी सुमारे ९० सेंटिमीटर. पेटीत व तिच्याभोवती मिळून सुतारकाम आणि लोहारकामाच्या दोनशेहून अधिक वस्तू सापडल्या. काळ सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचे जहाज १५४५ साली बुडाले. त्यातील सुताराच्या खोलीतही हत्यारे आणि पेट्या मिळाल्या.

६/१४
या दोन्ही ठिकाणी हत्यारांबरोबर त्यांची पेटीही टिकली, कारण ती चिखलात हवाबंद झाली होती. आपल्याकडे लाकडाला वाळवी आणि पावसाळा. शिवाय मोडकी पेटी फेकली जात नाही. तिच्या फळ्या दुसऱ्या कामाला लागतात, उरलेले चुलीत जाते. लोखंड उरते, लाकूड जाते. म्हणून आपल्याला पेटीचा इतिहास भाषेतून आणि रूढींतून शोधावा लागतो.

७/१४
अशी एक रूढी म्हणजे खंडेनवमी. नवरात्रातील या नवमीला सैनिक शस्त्रे पूजतात आणि कारागीर हत्यारे. तिथी आश्विनातली, म्हणजे पावसाळा सरता सरता. चार महिन्यांच्या दमट हवेनंतर लोखंडाला गंज चढलेला असतो. त्या दिवशी पेटी रिकामी होते, प्रत्येक हत्यार पुसून, तेल लावून मांडले जाते. श्रद्धेचा भाग आहेच; माझ्या मते ही वर्षातून एकदा होणारी मोजदादही आहे. काय हरवले, कशाचा दांडा सैल झाला, हे त्याच दिवशी कळते.

८/१४
पेटी कशाची करायची, हाही विचाराचा भाग. ओकच्या लाकडातील टॅनिनमुळे लोखंड काळे पडते. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते वाळवीला दाद देत नाही आणि उन्हा-पावसात कमी फुगते, कमी आकसते. नागपूरचा वैशाख आणि नागपूरचा श्रावण यांत हवेचा जो फरक आहे, तो पाहता हा गुण मोलाचा. आलापल्लीच्या जंगलांमुळे विदर्भाला सागवान परके नव्हते. मात्र चांगली फळी गिऱ्हाईकाच्या दाराला जाई. सुताराच्या पेटीला बहुधा उरलेले तुकडे.

९/१४
मग आगगाडी आली. १८६७ साली रेल्वे नागपुरात पोचली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी आणि रेल्वे कारखाना यांत हत्यार कामगाराचे नसते, मालकाचे असते. ते राहते टूलरूममध्ये. कामगाराने आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचे. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर बिल्ला लटकतो. संध्याकाळी हत्यार परत केल्यावर बिल्ला परत मिळतो.

१०/१४
पद्धत सोपी आणि चोख. पण तिने एक जुने नाते तोडले. सुताराच्या रंध्याचा दांडा त्याच्या मुठीप्रमाणे झिजलेला असे. बापाची पटाशी मुलाकडे येई. टूलरूममधले हत्यार मात्र कोणाच्याही हाताचे. एकाच वस्तूचा ठेवण्याचा ठाव बदलला आणि कारागिराचा कामगार झाला. हा बदल वेतनाच्या नोंदींत दिसतो, तितकाच त्या लटकत्या बिल्ल्यातही दिसतो.

११/१४
आता जरीपटका. जरीपटका हा मराठ्यांचा मानाचा ध्वज, सैन्याबरोबर चालणारा. त्याच्या मागे छावणीचा बाजार आणि कारागीरही चालत. उत्तर नागपुरातील या नावाच्या वस्तीत १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे स्थिरावली. चालत्या ध्वजाच्या नावाच्या वस्तीत घर सोडून आलेली माणसे थांबली. समाजाची ओळख व्यापाराची. पण जेथे बाजार उभा राहतो तेथे दुरुस्तीची दुकानेही उभी राहतात.

१२/१४
अशाच एका जुन्या दुकानाची भिंत मी पाहिली. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा उभा चिरून त्याचे दोन ट्रे केलेले, कडा हात कापू नये म्हणून आत दुमडलेल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दर दोन बोटांवर खिळ्याने ठोकून तिच्या घरांत पाने आणि पेचकस खोचलेले. खाली खोक्याच्या फळ्यांचे कप्पे. विकत आणलेली वस्तू एकच : खिळे. प्रत्येक हत्यारामागे भिंतीवर तेलकट हाताने उमटलेली त्याची सावली.

१३/१४
जपानी कारखान्यांच्या ‘पाच स’ पद्धतीत सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला नेमकी जागा. त्यासाठी फळ्यावर हत्याराची आकृती रंगवतात. जागा रिकामी दिसली की उणीव कळते. व्यवस्थापनाच्या वर्गात हे आज शिकवले जाते. जरीपटक्याच्या भिंतीवर तीच आकृती वापरातून आपोआप उमटली होती. खंडेनवमीची मांडणी, टूलरूमचा बिल्ला आणि ही सावली तिन्हींचा प्रश्न एकच : काय जागेवर नाही?

१४/१४
ते दुकान आता बंद आहे. हत्यारे भंगारात वजनावर गेली, भिंतीला रंग लागला. हत्यारे कोठेतरी उरतील. ती कोणत्या क्रमाने, कोणाच्या उजव्या हाताशी होती, ते उरणार नाही. तुमच्या घरी आजोबांची पेटी असेल तर ती रिकामी करण्यापूर्वी, सारे जागेवर असताना, एक छायाचित्र घ्या. प्रत्येक हत्याराला घरात काय म्हणत, ते मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि तुमच्या भागात धोकटीला दुसरा शब्द असेल तर खाली जरूर सांगा.