पवळाबाईचे श्रम कोणाच्या खात्यात?

आमच्या चांदूर रेल्वेच्या अभ्यासवर्गात मी तमाशाचा विषय काढला, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता चिडला. "भाऊ, हा विषय कायले काढता? आपलीच बदनामी होते ना!" त्याचा राग मला समजतो. पण ही लाज आपल्या माथी मारली कोणी?

हाच प्रश्न प्रा. शैलजा पाईक यांनी इतिहासाला विचारला. येरवड्याच्या झोपडपट्टीत एका खोलीच्या घरात वाढलेली ही दलित मुलगी पुणे विद्यापीठातून एम.ए. झाली, इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातून पीएच.डी. झाली आणि 2010 पासून अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवते. 2024 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी स्टेटस ठेवले. पुस्तक किती जणांनी उघडले?

त्यांचे पहिले पुस्तक (2014) दलित स्त्रियांच्या शिक्षणावर आहे. जात आणि बाईपण, असा दुहेरी मार खात शाळेत गेलेल्या बायांशी बोलून त्यांनी ते लिहिले. दुसरे, 2022 चे, तमाशातील दलित स्त्रियांवर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जातिव्यवस्थेने नाचण्याचे काम या स्त्रियांवर लादले, त्यावर सवर्ण पुरुषांनी करमणूक करून घेतली आणि वर 'अश्लील' हा शिक्काही त्यांच्यावरच मारला. पुढे तोच तमाशा महाराष्ट्राची अस्सल लोककला म्हणून मिरवला गेला. कला महाराष्ट्राची झाली, कलंक मात्र बाईचाच राहिला.

पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांचेच पाहा. बापूराव कुळकर्णी ब्राह्मण, पवळा महार. तिच्यासाठी त्यांनी जात सोडली, हा त्यांचा त्याग ठरला. आणि रात्र-रात्र फडावर उभी राहणारी पवळा? तिच्या कामाला श्रम कोण म्हणते?

इथे काहींना अडचण वाटते. 16 जून 1936 रोजी बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रिया, मुरळ्या, जोगतिणी यांना हे जिणे सोडा, असे परखडपणे सांगितले होते. मग पाईक त्यांच्या विरोधात जातात काय? माझ्या मते नाही. सोडायला सांगणे बरोबरच होते. पण सोडल्यावर भाकरीचे काय, आणि जी सोडू शकली नाही तिला आपण माणूस मानतो की नाही, हे प्रश्न चळवळीने टाळले. पाईक ते आपल्याच अंगणात आणून ठेवतात. म्हणून ते झोंबतात.

त्यांनी दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या एकजुटीवरही लिहिले आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले होते. तरीही 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. जोतीरावांनी तर 1873 ची 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. पाईक याच वाटेवर आहेत, फक्त त्यांनी या वाटेवर बाईला पुढे आणले.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि सोपे नाही. पुढच्या रविवारी पवळाबाईपासून सुरुवात करू. त्या चिडलेल्या कार्यकर्त्यालाच मी पहिले प्रकरण वाचून यायला सांगितले आहे. येताना आजीला विचारून ये म्हटले, बहिरमच्या यात्रेतल्या तमाशाच्या राहुट्यांबद्दल तिने काय ऐकले होते ते.