आधी आई, मग मूल

पुण्यात 1863 साली जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. निमित्त एका तरुण ब्राह्मण विधवेचं होतं. स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या या बाईला दिवस गेले, बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं आणि जन्मठेप भोगायला तिची अंदमानात रवानगी झाली. फुल्यांनी मग ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या: गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. बाळंतपणं सावित्रीबाई निभावत.

पुढे 1884 मध्ये फुल्यांनी या गृहाचा हिशेब लिहून ठेवला. तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. मुलं जगली फक्त 5. गर्भ लपवण्यासाठी बायकांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची गेली, असं त्यांचं म्हणणं. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. ही मुलं आईबाप मेले म्हणून पोरकी झाली नव्हती. आई जिवंत होती, पण शेजाऱ्यांच्या नजरेपुढे तिला मुलाला आपलं म्हणता येत नव्हतं.

विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत फुले दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतला. तेव्हा दत्तक म्हणजे वंश चालवायला, पिंड द्यायला, इस्टेट राखायला आणलेला मुलगा. तोही सहसा जातीतला, शक्यतो भाऊबंदांतला. या जोडप्याने ज्याला कुणी घरात घेतलं नसतं, त्याच मुलाला वारस केलं. यशवंत डॉक्टर झाला.

पंढरपुरात 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला. प्रार्थना समाजाने त्याचा भार उचलला. यात्रेच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून अडलेल्या बायका तिथे येत. सुरतेत 1881 मध्ये विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य झाली. त्यावर पेटलेल्या चर्चेत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये सरळ पुरुषांनाच जाब विचारला. मुलांच्या रक्षणाच्या इतिहासात ताराबाईंचं नाव क्वचितच घेतात. ते आधी घ्यायला हवं.

विसाव्या शतकात हे काम हळूहळू सरकारकडे गेलं. मुंबई इलाख्याचा बालक कायदा 1924 चा. 1956 च्या कायद्यानेही दत्तक हिंदूंपुरतंच ठेवलं. कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेण्याची वाट 2000 च्या बाल न्याय कायद्याने उघडली. 2015 च्या कायद्याप्रमाणे मूल सांभाळू न शकणारी आई ते बाल कल्याण समितीसमोर सोपवू शकते, आणि निर्णय फिरवायला तिला दोन महिने मिळतात. पण त्या दोन महिन्यांत बाळंतिणीने राहायचं कुठे, खायचं काय, आणि मूल घेऊन परतली तर घराचं दार कोण उघडणार, याची तजवीज गावाने आणि घरच्यांनीच करायची असते.