तेजी विकणारे आणि तेजीत वाहून जाणारे

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण निमित्त अगदी ताजं. "डे ट्रेडिंग सोड, कव्हर्ड कॉल कर, दर महिन्याला पगारासारखे पैसे येतात." हा सल्ला सध्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर फुकट मिळतो. एका सहकाऱ्याच्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून शेअर्स घेतलेत, आणि त्यांच्या जोरावर घरखर्च चालवायचा बेत शिजतोय. म्हणून म्हटलं, ही भानगड मुळापासून बघू.

सुरुवात मुंबईतूनच. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला गेला. तो मुरला बँकांमध्ये आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांमध्ये. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. या खेळातलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

आता गंमत बघा. बरेच सौदे वायद्याचे होते. म्हणजे आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसे नंतर. खिशात पैसे नाहीत, हातात शेअर नाही, तरी सौदा झाला! १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला ढीगभर वायद्यांची मुदत भरली, आणि द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. भलीभली घराणी बुडाली.

मुंबईच्या बाजारात आणखी एक प्रकार चालायचा. ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा नुसता हक्क विकत घ्यायचा. त्याला म्हणत 'तेजी'. विकायच्या हक्काला 'मंदी'. हेच आजचे कॉल आणि पुट. हे शब्द इतके रुळलेले होते की १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही 'तेजी', 'मंदी' असेच छापलेत. कशासाठी? तर त्यांच्यावर बंदी घालायला! ती बंदी उठली १९९५ मध्ये.

दरम्यान २६ एप्रिल १९७३ ला शिकागोत ऑप्शन्सचं पहिलं रीतसर एक्सचेंज सुरू झालं. सोळा कंपन्यांचे शेअर, आणि फक्त कॉल. आपल्याकडे शेअर्सचे ऑप्शन्स आले २००१ मध्ये.

कव्हर्ड कॉल म्हणजे काय? स्वतःकडे असलेल्या शेअरची तेजी दुसऱ्याला विकायची. समजा, तुमच्याकडे १,००० रुपयांचे ५०० शेअर आहेत. महिनाअखेरपर्यंत ते १,०५० ला घ्यायचा हक्क तुम्ही शेअरमागे १५ रुपयांना विकला. ७,५०० रुपये हातात. भाव हलला नाही, तर पैसे तुमचे. भाव १,१५० झाला, तरी तुम्हाला १,०५० लाच द्यावा लागणार. वरचे शंभर गेले. आणि भाव ८०० झाला तर? शेअरमागे २०० चा खड्डा, त्यात १५ रुपयांची माती. ९२,५०० रुपयांचा तोटा.

हे नुसतं गणित नाही, हिशोब उपलब्ध आहे. शिकागोच्या एक्सचेंजने २००२ मध्ये एक निर्देशांक आणला, बीएक्सएम. एस अँड पी ५०० धरायचा आणि दर महिन्याला त्याचा कॉल विकायचा, असं केलं तर काय होतं ते तो दाखवतो. २००८ मध्ये एस अँड पी लाभांशासकट ३७ टक्के पडला, बीएक्सएम सुमारे २९ टक्के. २०१३ मध्ये एस अँड पी ३२ टक्के वाढला, बीएक्सएम फक्त १३ टक्के. उशी आहे, पण पातळ. आणि तिची किंमत चांगल्या वर्षात वसूल होते.

मग डे ट्रेडिंग? सेबीचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांमध्ये तोट्यातले ७६ टक्के. वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. जितकी जास्त धावपळ, तितका जास्त मार. त्यावर ब्रोकरेज आणि कर वेगळे. एफ अँड ओचं चित्र याहून वाईट: तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात, सरासरी दोन लाखांनी.

तेव्हा कव्हर्ड कॉल डे ट्रेडिंगपेक्षा बरा, यात वाद नाही. १८६५ च्या वायदेवाल्याकडे द्यायला काही नव्हतं, तुमच्याकडे शेअर तरी आहे. पण 'कव्हर्ड' या शब्दाने भुलू नका. झाकलेलं असतं ते तुमचं वचन, तुमची पुंजी नाही. बॅक बेचा शेअर धरून दर महिन्याला तेजी विकली असती, तरी १८६५ ने त्यालाही सोडलं नसतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. जो शेअर कॉल न विकताही पाच वर्षं ठेवला असता, त्याच शेअरवर कॉल विकायचा. आणि तो ठरलेल्या भावाला गेला, तर हळहळ नाही. प्रीमियमला पगार समजून त्यावर घरभाडं, हप्ते बेतायचे नाहीत. पगार महिन्याला खाली जात नाही. शेअर जातो.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात बदला पद्धतीची गोष्ट. तोपर्यंत, सांभाळून!