परसातली शेकोटी : ठिणगीचा कायदा, धुराचा कायदा

प्रश्न अगदी घरगुती होता. लॉस एंजेलिसजवळच्या एका उपनगरात माझ्या भाचीने घर घेतले. घरामागे मोकळे परस आहे. तिथे दगडांचे गोल कडे रचून शेकोटीची जागा करावी, असे तिच्या मनात आले. तिकडे त्याला 'फायर पिट' म्हणतात. शेजाऱ्यांनी सांगितले, आधी परवान्याचे बघा. तिने मला फोनवर विचारले, "मामा, घर आपलं, परस आपलं, लाकडंसुद्धा पैसे देऊन आणलेली. मग शेकोटी पेटवायला सरकारला कशाला विचारायचं? तू इतिहास वाचतोस ना, सांग."

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे काही महिने जमेल तसे वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की या प्रश्नामागे एक नव्हे, दोन इतिहास आहेत. एक ठिणगीचा आणि दुसरा धुराचा. ठिणगीची भीती फार जुनी आहे. तिचे नियम अंतर मोजतात : घरापासून किती फूट, कुंपणापासून किती फूट. धुराची भीती त्या मानाने नवी आहे. तिचे नियम दिवस मोजतात : आज पेटवा, उद्या नको. परसातल्या शेकोटीवर हे दोन्ही नियम आज एकदम लागू होतात आणि घरमालक गोंधळतो.

ठिणगीचा कायदा

'कर्फ्यू' हा शब्द आपल्याला दंगलीमुळे माहीत झाला. मराठीत त्याला संचारबंदी म्हणतात. मूळ जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र 'आग झाका' असा आहे. मध्ययुगीन युरोपातल्या गावांत रात्री ठरावीक वेळी घंटा होई. ती ऐकून घरोघरी चुलीतले निखारे राखेखाली झाकायचे. इंग्लंडमध्ये ही प्रथा विल्यम राजाच्या नावावर सांगितली जाते. लाकडी भिंती आणि गवताने शाकारलेली छपरे यांच्या वस्तीत एका घरची उघडी चूल सगळ्या गावाला भोवू शकत होती. म्हणजे आपल्या घरातली आग पूर्णपणे आपली नाही, ही समजूत परवान्याच्या कागदापेक्षा कित्येक शतके जुनी आहे.

ही समजूत वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत पोचली. बोस्टन वसले १६३० साली. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात तिथे एका घराच्या धुराड्यातून आग छपराला लागली. लगेच हुकूम निघाला की, कोणी लाकडाचे धुराडे बांधू नये आणि घर गवताने शाकारू नये. आजचे न्यूयॉर्क तेव्हा डचांचे न्यू ॲमस्टरडॅम होते. तिथे गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याने १६४८ साली धुराडी तपासणारे चार आगनिरीक्षक नेमले. धुराडे साफ न ठेवणाऱ्याला दंड होई, आणि त्या दंडाच्या पैशातून शिड्या, आकडे आणि चामड्याच्या बादल्या घ्यायच्या असे ठरले. ज्याच्यामुळे धोका, त्याच्याकडून पाण्याच्या बादलीचे पैसे. हिशेब सरळ होता. १६६६ साली लंडन जळाले ते एका बेकरीतल्या आगीपासून, आणि पुढच्याच वर्षी कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडाची बांधणे सक्तीचे झाले.

भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच परंपरेत सापडते. अमेरिकेत अनेक राज्ये आणि शहरे 'इंटरनॅशनल फायर कोड' नावाची नमुना संहिता थोडेफार बदल करून वापरतात. कॅलिफोर्नियाची अग्निसंहिताही तिच्यावरच आधारलेली आहे. या संहितेत उघड्यावरच्या आगीचे प्रकार पाडले आहेत. जळणाचा ढीग ३ फूट रुंद आणि २ फूट उंच एवढ्यातच असेल, आणि त्यात कचरा नसेल, तर ती 'करमणुकीची आग'. मौजेसाठी, ऊब घेण्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा धार्मिक विधीसाठी पेटवलेली आग याच व्याख्येत बसते. म्हणजे शेकोटी आणि छोटी होळी कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत. अशी आग कोणत्याही बांधकामापासून किंवा पेट घेईल अशा वस्तूपासून २५ फूट दूर हवी. त्याहून मोठी समारंभाची होळी ५० फूट दूर हवी आणि तिला आधी परवानगी हवी. आग विझेपर्यंत कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे, आणि पाण्याची नळी, वाळू, माती किंवा विझवण्याचे साधन हाताशी हवे.

नमुना संहितेत छोट्या शेकोटीला वेगळा परवाना सांगितलेला नाही. मात्र शहर, जिल्हा किंवा घरमालकांची संघटना आपापली अट घालू शकते आणि पुष्कळ ठिकाणी घालतेही. म्हणूनच एकाच रस्त्याच्या या टोकाला एक उत्तर मिळते आणि त्या टोकाला दुसरे. यात नवल काही नाही. बोस्टन आणि न्यू ॲमस्टरडॅम यांनीही आपापले नियम स्वतंत्रपणेच केले होते.

घराला मिळालेली सूट

धुराची गोष्ट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात कोळशाने शहरे काळी पडू लागली तेव्हा कायदे झाले, पण त्यांचा रोख कारखान्यांवर होता. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने काळा धूर ओकणारे धुराडे उपद्रव ठरवले आणि त्याच वाक्यात राहत्या घराचे धुराडे वगळले. हीच दृष्टी हिंदुस्थानात आली. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रवाचे कायदे झाले, ते गिरण्यांच्या आणि वाफेच्या इंजिनांच्या भट्ट्यांसाठी. घरच्या चुलीला कोणी हात लावला नाही.

ही सूट का टिकली हे समजणे अवघड नाही. कारखाना एक असतो, चुली लाखो. गिरणीमालकाला नोटीस पाठवता येते, प्रत्येक घरात निरीक्षक शिरू शकत नाही. शिवाय चुलीभोवती घर असते आणि त्या घरात मतदार असतो. एका घराचा धूर तो केवढासा, असेच प्रत्येकाला वाटते, आणि एका घरापुरते ते खरेही असते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसून राहिले. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या धुक्यात वीजकेंद्रे आणि कारखाने यांच्याबरोबर घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचाही धूर होता. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने अखेर राहत्या घराच्या धुराड्यालाही नियम लावला. घरमालकांना शेगडी बदलण्यासाठी अनुदान देण्याची तरतूदही त्याच कायद्यात केली. ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लॉस एंजेलिसची भट्टी

लंडनचा कायदा झाला त्याच सुमारास भाचीच्या गावाकडे, लॉस एंजेलिसमध्ये, परसातल्याच आगीवरून मोठा वाद पेटला होता. ती आग शेकोटीची नव्हती, कचऱ्याची होती.

तिथे घरामागे काँक्रीटची, माणसाच्या छातीइतकी उंच भट्टी असणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. खरकटे आणि पत्र्याचे डबे उचलून नेले जात. कागद, पुठ्ठे, पालापाचोळा मात्र घरच्या भट्टीत जाळायचा. अशा भट्ट्या लाखोंनी होत्या. कचरा घरच्या घरी संपवणारा तो चांगला नागरिक, अशी समजूत होती.

२६ जुलै १९४३ रोजी शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. युद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवला तरी धुके गेले नाही. १९४७ साली जिल्ह्यासाठी हवा प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्याने आधी कारखाने आणि तेलशुद्धीकरण केंद्रे हाती घेतली. मग नजर परसाकडे वळली.

इथे वादाला तोंड फुटले. लोकांचे म्हणणे होते : तेलकंपन्या आणि मोटारी मोकळ्या, आणि आमच्या कागदाच्या राखेवर तुमचा डोळा? या तक्रारीत तथ्य होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी १९५० च्या आसपास दाखवून दिले होते की, पेट्रोलची वाफ आणि गाड्यांच्या धुरातले वायू यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि डोळे झोंबतात त्याचे मूळ तिथे आहे. म्हणजे मुख्य गुन्हेगार दारात उभा होता, परसात नव्हे. तरीही भट्ट्यांचा धूर खोटा नव्हता. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट प्रदेशात वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि खालचा धूर बाहेर पडत नाही. एका भट्टीचा धूर किरकोळ असेल, लाखो भट्ट्यांचा नसतो.

१९५४ च्या ऑक्टोबरात धुके दिवसच्या दिवस हटले नाही. लोक सभांना गर्दी करू लागले. अखेर १९५७ साली परसातल्या भट्ट्यांवर बंदी आली.

बंदीनंतर काय झाले, हे मला अधिक बोलके वाटते. जाळायचा कचरा आता नगरपालिकेने उचलायचा होता. घरात तीन वेगवेगळ्या डब्यांचा व्याप झाला. १९६१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सॅम यॉर्टी यांनी गृहिणींची या व्यापातून सुटका करण्याचे आश्वासन दिले आणि ते निवडून आले. पुढे सगळा कचरा एकत्र उचलला जाऊ लागला आणि तो जमिनीत गाडला जाऊ लागला. १९८९ साली राज्याने कायदा करून २००० सालापर्यंत निम्मा कचरा गाडण्यापासून वाचवण्याचे बंधन घातले, तेव्हा वेगळे डबे पुन्हा घरात आले. एक आग विझवली की तिचे काम कोण करणार, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवल्याची किंमत तीस वर्षांनी मोजावी लागली.

आणि मोटारी? नव्या गाड्यांवर साठच्या दशकात काही बंधने आली. धुरातले विषारी वायू मोठ्या प्रमाणात कमी करणारे उत्प्रेरक यंत्र मात्र १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास आले. घरमालकाची भट्टी बंद झाली त्याला तोवर अठरा वर्षे होत आली होती. जो हाताशी असतो त्याला नियम आधी लागतो.

आज त्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा बिघडण्याचा अंदाज असेल त्या दिवशी लाकूड जाळण्यास मनाई जाहीर होते. घरातल्या शेगडीला आणि परसातल्या शेकोटीला, दोघींनाही. गॅसवरच्या शेकोटीला ही मनाई नाही. मात्र ज्या घरात ऊब मिळवण्याचे लाकडाशिवाय दुसरे साधन नाही, त्याला आणि अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूट आहे. जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती गेल्या. त्यानंतर तिथे ठिणगीचा कायदा जुनाट आहे असे म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

आणि आपल्या फाटकाशी

हे सगळे वाचत असताना आमच्या गल्लीत एक प्रसंग घडला. समोरच्या सोसायटीचा रखवालदार पहाटे फाटकाशी पाला आणि पुठ्ठे पेटवून शेकत बसे. धूर वरच्या मजल्यांवर जाई. एका सकाळी त्याला सर्वांदेखत दरडावले गेले आणि शेकोटीवर पाणी ओतले गेले. कायदा दरडावणाऱ्यांच्या बाजूने होता. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला आहे. तो धूर वाईट होता, यातही शंका नाही. प्लास्टिकचा तुकडा त्यात असायचाच.

पण थंडीही होतीच. दिल्लीत प्रदूषण वाढले की टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या आराखड्यात एक कलम आहे : रहिवासी संघटनांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे त्यांना उघड्यावर जाळावे लागणार नाही. मला हे छोटे कलम त्या सगळ्या दंडांपेक्षा शहाणपणाचे वाटते. लंडनच्या अनुदानातला आणि लॉस एंजेलिसच्या सवलतीतला विचार तोच आहे. आग बंद करायची तर ती कशासाठी पेटली होती, हे विचारायला हवे. आमच्या गल्लीत ते कोणी विचारले नाही. मी खिडकीत उभा होतो, मीही विचारले नाही. नंतर आम्ही चार घरांनी वर्गणी काढून त्याच्या चौकीत एक हीटर ठेवला. त्याला महिनाभर उशीर झाला होता.

भाचीला मी शेवटी एवढेच कळवले : तुझ्या गावच्या अग्निशमन खात्याला विचार, पंचवीस फूट मोज, आणि पेटवायच्या दिवशी हवेचा अंदाज बघ. जमीन तुझी आहे. ठिणगी आणि धूर कुंपण ओलांडून जातात, तेवढ्यापुरते शेजाऱ्यांना विचारावे लागते. परवाना म्हणजे ते विचारणे कागदावर आणलेले असते.

तिने गॅसची शेकोटी घेतली. तिचे म्हणणे, ऊब मिळते, पण लाकडाचा वास येत नाही.