एका देहातलं वऱ्हाड

सीताबर्डीवर उभं राहून ‘वऱ्हाड’ म्हटलं की अमरावती-अकोला आठवतं. आज बोलायचंय ते लग्नाच्या वऱ्हाडाबद्दल. मराठवाड्यातल्या खेड्यातून विमानानं लंडनला निघालेलं, आणि सगळंच्या सगळं एका माणसाच्या अंगात मावलेलं!

तो माणूस म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९). औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग त्यांनी रंगमंचावर आणला. लेखक तेच, नटही तेच. पात्रं बावन्न. आवाज, मान, चाल बदलली की पुढचा माणूस हजर. गिनीज बुकानंही त्याची नोंद घेतली.

आजचा स्टँड-अप करणारा माईकपुढे बहुधा स्वतःबद्दल बोलतो. देशपांडे स्वतःला बाजूला ठेवून अख्खं गाव बोलतं करायचे. त्याची मुळं आपल्याकडचीच. कीर्तनकार आख्यानात एकटाच सगळी पात्रं रंगवतो. भारूड लिहिणाऱ्या नाथांचं पैठणही औरंगाबादपासून फार लांब नाही. पुढे पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. पण ती मुंबईच्या मध्यमवर्गाची. देशपांड्यांनी त्या जागी खेड्यातली बोली आणली.

इथे एक तात्त्विक प्रश्न येतो. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानं १९०० साली हास्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं. म्हणजे विमानात गांगरलेल्या खेडुताला आपण हसतो, ते त्याची कीव बाजूला ठेवून. मग हा प्रयोग खेडुतांची टिंगलच ठरतो का?

मला तसं वाटत नाही. नुसती नक्कल म्हणजे प्रेम नव्हे, हे खरं. नकलेत तुच्छताही असू शकते. पण इथे बोली एकट्या वेंधळ्याच्या वाट्याला येत नाही. माया, रुसवा, हौस, भीती, सगळं त्याच बोलीत होतं. त्यामुळे ज्याला हसलो, त्याच्याच लग्नघरात आपण पाहुणे होऊन बसतो.

हा मुद्दा आपल्या जवळचा आहे बरं का. ‘काय करून राहिला?’ एवढं म्हटलं तरी पुण्या-मुंबईत हशा येतो. मालिकांत वऱ्हाडी बोलणारा बहुतेकदा विनोदापुरताच असतो. तेव्हा बोलीतला विनोद ऐकताना एक कसोटी लावून बघा: या माणसाला त्याच बोलीत रडायची मुभा दिली आहे का? नसेल, तर तो विनोद बोलीचा नाही, बोलणाऱ्याच्या गरिबीचा आहे.