चर, धुम्मस आणि थरथर

पाण्याची पाइपलाइन टाकून झाली की चर बुजवावा लागतो. खणलेली माती नुसती लोटून दिली, तर पावसाळ्यात ती बसते, रस्त्यावर खोलगट पट्टा उमटतो आणि पाइपाच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून एक थर टाकायचा, धुम्मस करून तो दाबायचा, मग वरचा थर टाकायचा. ही रीत फार जुनी, आणि तिच्यातला धोकाही तितकाच जुना: धुम्मस करणारा माणूस चराच्या तळाशी उभा असतो. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. बाजू ढासळली, तर छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. एक्स्कॅव्हेटरच्या बूमला लावायच्या थरथरत्या प्लेटचं मोल मी आधी या हिशेबात मोजतो, कामाच्या वेगात नंतर.

तिचं कूळ शोधत गेलं की आपण जर्मनीत पोहोचतो. १९३० साली ड्रेस्डेनच्या वाकर कारखान्याने विजेवर चालणारा रॅमर बनवला. हाताची मेहनत कमी झाली, पण रॅमर धरणारा माणूस मातीवरच राहिला. त्याच दशकात ड्युसेलडॉर्फच्या लोझेनहाउझेन कारखान्याने जमिनीवर थरथरणारी अवजड यंत्रं बनवली. नव्या महामार्गांच्या भरावांवर ती चालली. योहान केलर कंपनीने तर थरथर जमिनीच्या पोटात उतरवली आणि १९३७ मध्ये बर्लिनमधल्या एका इमारतीखालची सैल वाळू घट्ट केली.

ठोकण्याऐवजी हलवायचं, हा विचार मूलगामी होता. वाळूचे कण एकमेकांवर रेलून मधे पोकळ्या धरून ठेवतात. वरून नुसतं वजन ठेवलं की कणाकणांतलं घर्षण वाढतं आणि रचना आणखी अडून बसते. मात्र जमीन वेगाने थरथरली, की क्षणभर ती पकड सुटते आणि प्रत्येक कण जवळच्या रिकाम्या जागेत सरकतो. डब्यातले तांदूळ हलवल्यावर खाली बसतात, तसंच हे.

थरथर निर्माण करण्याची युक्ती साधी आहे. फिरत्या दांड्यावर वजन मुद्दाम एका बाजूला बसवायचं. समजा, १० किलोचं वजन दांड्याच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर आहे आणि दांडा मिनिटाला २००० फेरे घेतो. अशा वेळी बाहेरची ओढ सुमारे २.२ टन भरते, आणि तिची दिशा सेकंदाला ३३ वेळा पूर्ण फिरून येते. वेग दुप्पट केला, तर ओढ चौपट.

हा दांडा माणसाच्या हातापासून दूर नेण्यासाठी लांब, ताकदवान हात हवा होता. तो १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून आला: वेन-रॉय कंपनीने ट्रॅक्टरमागे जोडायचा संपूर्ण हायड्रॉलिक बॅकहो विकायला काढला. पुढे बकेट काढून तिच्या जागी प्लेट बसवणं शक्य झालं. दोन होसमधून तेल येतं-जातं, त्यावर हायड्रॉलिक मोटर फिरते, मोटर त्या एकांगी दांड्याला फिरवते. प्लेट आणि वरची चौकट यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. मला सगळ्यांत हुशार भाग तोच वाटतो: ऑपरेटर बूमने प्लेट दाबून धरतो, तो दाब रबरातून खाली पोहोचतो, पण थरथर वर चढत नाही. दाब प्रमाणाबाहेर गेला, तर रबर पुरतं चेपतं, मशीनच हादरायला लागतं आणि माती तशीच राहते.

किती घट्ट म्हणजे पुरेसं, याचं उत्तर लॉस एंजलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दिलं. प्रत्येक मातीला ओलाव्याचं एक नेमकं प्रमाण असतं. त्याहून कोरडी माती दबत नाही आणि अति ओली असली, की कणांमधली जागा पाणीच अडवतं. आपल्या प्रयोगशाळांतही त्याच तत्त्वाची चाचणी होते: साच्यात मातीचे तीन थर, प्रत्येकावर २.६ किलोच्या हातोड्याचे २५ ठोके, ३१० मिलिमीटरवरून.

वाळू, खडी, मुरूम यांवर ही प्लेट उत्तम चालते. चिकण मातीत ती फिकी पडते, कारण तिथे कण घर्षणाने नव्हे, चिकटपणाने धरलेले असतात. त्यांना मळावं लागतं किंवा जोरात ठोकावं लागतं. शिवाय पाइपाच्या कुशीत, खालच्या गोलाईखाली, प्लेट पोहोचत नाही, आणि पाइपावर पुरेसा भराव होईपर्यंत ती चालवली तर पाइपच फुटेल. तेवढे पहिले थर अजूनही माणूसच चरात उतरून भरतो. त्याच्यासाठी चराच्या बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू आधी लागले पाहिजेत, मग वर यंत्र कितीही मोठं असो.